उजनीत साखरेचं एक पोतं

उजनी धरण काठोकाठ भरलं आहे, असं धरून चला. ११७ टीएमसी पाणी. इंदापूर तालुक्याच्या कडेकडेनं पळसदेव, भिगवणपर्यंत पसरलेला फुगवटा. जवळच्या एखाद्या साखर कारखान्यातून पन्नास किलोचं एक पोतं आणून त्या पाण्यात रिकामं केलं आणि साखर धरणभर सारखी मिसळली, तर एका लिटरच्या वाट्याला किती येईल? सुमारे १५ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पाण्याचा घोट घेणाऱ्याच्या जिभेला त्याचा पत्ताही लागणार नाही. हृदयाची इजा शोधणाऱ्या ‘ट्रोपोनिन टी’च्या अतिसंवेदनशील रक्ततपासणीत मात्र धोक्याची रेषा इथंच आखलेली आहे: लिटरला १४ नॅनोग्रॅम. निरोगी माणसांपैकी ९९ टक्के माणसं या रेषेच्या खाली असतात. धरणातल्या त्या एका पोत्याएवढी चाहूल रक्तात लागली, की डॉक्टर सावध होतात.

एवढीशी चाहूल नेमकी कोणत्या तुकड्याला धरून ओळखायची, हा प्रश्न आता बऱ्याच अंशी संगणकावर सोडवला जातो. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा इंदापूरशेजारच्या बारामतीपासून शंभरेक किलोमीटरवर, पुण्यात आहे.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. छातीत दुखायला लागलं की पहिलं निदान घरातच होतं. ‘गॅस धरला असेल’, ‘पित्त झालं असेल’. ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो. पुष्कळदा ते निदान बरोबरही असतं, आणि म्हणूनच ते घातक ठरतं, कारण एरवीच्या अनुभवानं माणूस निर्धास्त होतो. इकडे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी पूर्ण बंद झाली असेल, तर साधारण वीस मिनिटांनंतर स्नायूच्या पेशी कायमच्या मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत मरणाऱ्या भागाची हद्द वाढत जाते. ईसीजीत ठळक बदल दिसला तर रक्ताच्या अहवालासाठी थांबायचं नसतं. उपचार लगेच सुरू होतात. अडचण येते ती ईसीजी साधा दिसतो तेव्हा. हृदयविकाराच्या झटक्याचा एक मोठा प्रकार असा आहे, की त्यात आलेख गोंधळात टाकतो किंवा काहीच सांगत नाही. मग एकच साक्षीदार उरतो: मेलेल्या पेशींतून फुटून रक्तात आलेला ऐवज.

हा साक्षीदार शोधायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवलं, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातलं एक विकर वाढतं. आज एएसटी म्हणून यकृताच्या तपासणीत दिसतं तेच हे. यकृत बिघडलं तरी ते वाढतं, हीच त्याची खोड. पुढं सीके-एमबी आलं, ते जास्त नेमकं होतं. पण त्याचा थोडा अंश हातापायांच्या स्नायूंतही असतो. दिवसभर ऊसतोड केलेल्या माणसाच्या स्नायूंतून काय काय रक्तात उतरत असेल, याचा विचार केला की ‘फक्त हृदयाचं’ असं काही सापडणं का गरजेचं होतं ते कळतं.

ते सापडलं स्नायूच्या आकुंचनाच्या यंत्रणेत. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधलं. कॅल्शियम आलं की स्नायूला ‘आवळ’ म्हणणारी ही कळ आहे. तिचे तीन भाग: सी, आय आणि टी. यातला सी हृदयात आणि शरीराच्या काही इतर स्नायूंत अगदी एकसारखा असतो, त्यामुळे निदानाला निरुपयोगी. आय आणि टी यांची हृदयातली घडण मात्र वेगळी. बर्मिंगहॅमच्या बर्नाडेट कमिन्स यांनी १९८७ मध्ये ट्रोपोनिन आयची आणि जर्मनीच्या ह्यूगो काटुस यांनी १९८९ मध्ये ट्रोपोनिन टीची रक्ततपासणी मांडली. २००० साली युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्यानं बांधली.

आता पेप्टाइडकडे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. माळ लांब असेल आणि ठरावीक घडी घालून बसलेली असेल तर तिला प्रथिन म्हणतात. दोन-चार मण्यांपासून चाळीस-पन्नास मण्यांपर्यंतची आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. प्रथिनाचा तुकडा पडला की पेप्टाइड मिळतं आणि शरीर काही पेप्टाइडं मुद्दाम घडवतंही. हृदयही घडवतं, हे मात्र १९८१पर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं.

तो शोध सविस्तर सांगण्यासारखा आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींमध्ये बारीक दाणे असतात, हे १९५०च्या दशकापासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं. असे दाणे सहसा संप्रेरकं स्रवणाऱ्या ग्रंथींत आढळतात. रक्त ढकलणाऱ्या पंपात त्यांचं काय काम? कॅनडातल्या किंग्स्टन शहरात काम करणारे, मूळचे अर्जेंटिनाचे अडोल्फो दे बोल्ड या प्रश्नाला चिकटून राहिले. त्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीचं प्रमाण आणि तिच्यातलं मीठ पटीपटीनं वाढलं. खालच्या कप्प्यांचा अर्क टोचला तर काहीच झालं नाही. म्हणजे हृदय मूत्रपिंडाला निरोप धाडत होतं: ‘माझ्यावर ताण आलाय, पाणी आणि मीठ बाहेर काढ.’ तो निरोप २८ अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडचा होता. त्याला एएनपी म्हणतात.

१९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, म्हणून त्याचं नाव ‘ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड’ म्हणजे बीएनपी पडलं. पुढं कळलं, की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं; नाव मात्र मेंदूचंच राहिलं. माणसाच्या बीएनपीत ३२ मणी असतात. दहाव्या आणि सव्विसाव्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल असून ती दोन एकमेकांना गंधकाच्या बंधानं जोडलेली असतात. त्यामुळे मधल्या सतरा मण्यांचं कडं तयार होतं. शरीरातली कामं हेच कडं करतं आणि तपासणीतले काही प्रतिपिंडही यालाच पकडतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,५८६ रुग्णांच्या ‘ब्रीदिंग नॉट प्रॉपर्ली’ या अभ्यासानं दाखवलं, की धाप लागून आलेल्या माणसाची धाप हृदयाची की फुप्फुसाची, हे ठरवायला मिलिलिटरला १०० पिकोग्रॅम ही बीएनपीची रेषा फार उपयोगी पडते. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, दम्याचा त्रास असलेल्या आणि पायाला सूज आलेल्या आजींच्या बाबतीत हा फरक करणं किती कठीण असतं, ते गावातल्या डॉक्टरांना विचारावं.

ट्रोपोनिन पेशी मेल्याचं सांगतं, बीएनपी हृदयावर ताण आल्याचं. दोन्ही ठिकाणी मूळ काम एकच: लांब माळेतला नेमका कुठला तुकडा धरायचा ते ठरवणं. सरसकट संपूर्ण प्रथिन कोणतीच तपासणी ओळखत नाही. प्रतिपिंडाच्या पकडीत थोडेसेच मणी मावतात. म्हणून तपासणीत सहसा दोन वेगळे प्रतिपिंड वापरतात. एक माळेला एका जागी धरून ठेवतो, दुसरा दुसऱ्या जागी बसून खूण दाखवतो.

इथं ट्रोपोनिन आय एक पेच टाकतं. माणसाच्या हृदयातल्या ट्रोपोनिन आयची माळ २१० मण्यांची आहे. सुरुवातीचे सुमारे तीस मणी हे हृदयाचं खास वैशिष्ट्य; हातापायांच्या स्नायूंतल्या भावंडांकडे ते नसतात. ओळख पटवायला याहून चांगली जागा कोणती? पण रक्तात आल्यावर विकरं या माळेची दोन्ही टोकं कुरतडतात. जास्त टिकतो तो साधारण तिसाव्यापासून एकशे दहाव्या मण्यापर्यंतचा मधला पट्टा, कारण त्याला ट्रोपोनिन सीचा आधार असतो. म्हणजे जो तुकडा सर्वांत वेगळा तो टिकत नाही. जो टिकतो त्यातल्या काही जागा इतर स्नायूंच्या ट्रोपोनिनशी मिळत्याजुळत्या. टिकाऊ, वेगळा आणि प्रतिपिंडाच्या हाती लागेल असा पृष्ठभागावरचा, अशा तिन्ही अटींत बसणारा तुकडा शोधायचा आहे. प्रयोगशाळेत एकेक तुकडा बनवून पाहायचा तर पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. म्हणून आधी संगणक.

आणि आता पुणं. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचं केंद्र सुरू झालं. तिथले अशोक कोळस्कर त्याआधी जी. एन. रामचंद्रन यांच्यासोबत पेप्टाइड बंधावर काम केलेले. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये १९६३ साली पेप्टाइडच्या माळेतला प्रत्येक सांधा किती अंशांत वळू शकतो आणि किती अंशांत नाही, याचा नकाशा मांडला होता. जगातल्या जैवरसायनाच्या पुस्तकांत तो आजही त्यांच्याच नावानं असतो. १९७३ मध्ये रामचंद्रन आणि कोळस्कर यांनी, हा बंध मानला जातो तितका सपाट नसतो, यावर शोधनिबंध लिहिले. त्या तालमीतून आलेल्या कोळस्करांनी टोणगावकर यांच्याबरोबर १९९० मध्ये एक साधी, नेटकी पद्धत मांडली: प्रथिनातला कोणता भाग प्रतिपिंडांना खुणावेल, याचा मण्यांच्या नुसत्या अनुक्रमावरून अंदाज.

पद्धत समजायला अवघड नाही. प्रयोगांतून आधीच माहीत असलेले, प्रतिपिंड जिथं बसतात असे तुकडे त्यांनी गोळा केले. त्यांत कोणता मणी किती वेळा येतो ते मोजलं आणि प्रत्येक अमिनो आम्लाला एक गुण दिला. एक वेगळीच गोष्ट दिसली. सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलिन ही पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्लं प्रथिनाच्या पृष्ठभागावर आली असतील, तर ती अशा जागांचा भाग असण्याची शक्यता जास्त. मग सात मण्यांची एक खिडकी माळेवरून एकेक घर पुढं सरकवायची आणि प्रत्येक खिडकीची सरासरी काढायची. ट्रोपोनिन आयच्या २१० मण्यांत अशा २०४ खिडक्या होतात. सरासरी जिथं उंचावते तिथं डोंगर, जिथं घटते तिथं दरी, असा आलेख मिळतो. डोंगर म्हणजे संभाव्य जागा. अंदाज सुमारे ७५ टक्के बरोबर येतो, असं त्यांनी नोंदवलं. गणित इतकं साधं, की कागद-पेन्सिलीनंही करता येईल. आज प्रतिकारशक्तीविषयीच्या आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यावर ही पद्धत या दोघांच्या नावानं कोणालाही फुकट वापरता येते. मराठी वाचकांना हे क्वचितच माहीत असतं, याची खंत वाटते.

अर्थात, ही पद्धत म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. २००५ मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी अशा गुणांवर चालणाऱ्या ४८४ मोजपट्ट्या पारखल्या आणि उत्तमातली उत्तमही चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा थोडीच बरी ठरते, असं दाखवलं. कारण उघड आहे. माळ घडी घालून बसते तेव्हा दूरदूरचे मणी शेजारी येतात आणि प्रतिपिंड बहुतेक वेळा अशाच शेजाराला धरतो. खिडकी सरळ रेषेत सरकते. तिला हा शेजार दिसत नाही. याचं एक उत्तरही त्याच वर्षी पुण्यातून आलं. ऊर्मिला कुलकर्णी-काळे, भोसले आणि कोळस्कर यांनी प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेवरून अशा जागा हुडकणारी ‘सीईपी’ ही संगणकीय सेवा खुली केली. तिला अर्थातच रचना माहीत असावी लागते. ट्रोपोनिनच्या गाभ्याची रचना जपानी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये स्फटिक बनवून उलगडली होती. पण त्यासाठी वापरलेल्या ट्रोपोनिन आयमधून पहिले तीस मणी वगळलेले होते. तो भाग सैल, वळवळता. स्फटिकात स्थिर बसणं त्याला कठीण. हृदयाचं जे खास वैशिष्ट्य, तेच नेमकं त्या चित्रात नाही. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं त्यातली अल्फाफोल्ड ही कृत्रिम बुद्धिमत्ताही असे सैल भाग कमी खात्रीच्या रंगातच दाखवते.

प्रश्न उलटा करूनही पाहता येतो. ट्रोपोनिनमधला तुकडा शोधण्याऐवजी ट्रोपोनिनला पकडणारं पेप्टाइडच घडवलं तर? प्रतिपिंड हे मोठं, महागडं आणि उष्णतेनं बिघडणारं प्रथिन आहे. एप्रिल-मे महिन्यांत इंदापुरात पारा चाळिशीला टेकतो, वीज जाते, शीतपेटीचा भरवसा नसतो. बारा मण्यांचं पेप्टाइड मात्र यंत्रावर रासायनिक पद्धतीनं जोडता येतं आणि दर खेपेला हुबेहूब तेच मिळतं.

फक्त ते निवडायचं कसं? वीस प्रकारचे मणी आणि बारा जागा. होणाऱ्या माळांची संख्या चारावर पंधरा शून्यं. सेकंदाला हजार माळा तपासणारा संगणक बसवला तरी एक लाख तीस हजार वर्षं लागतील. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये यावर जिवंत तोडगा काढला: जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या अंगावर वेगवेगळी पेप्टाइडं उगवून घ्यायची, अब्जावधी विषाणू एकदम लक्ष्यावर सोडायचे, चिकटतील ते ठेवायचे आणि बाकीचे धुऊन टाकायचे. २०१८च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. याच मार्गानं कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ट्रोपोनिन आयला घट्ट धरणारी बारा मण्यांची पेप्टाइडं निवडून काढली.

संगणक आता या निवडीच्या आधीही येतो आणि नंतरही. पेप्टाइड प्रथिनाच्या कोणत्या खाचेत कसं बसेल, ते तो जुळवून पाहतो. पाण्याच्या रेणूंच्या गर्दीत ती जोडी किती क्षण टिकते याची हालचाल दाखवतो. २०२१ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या सिॲटलमधल्या प्रयोगशाळेनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी संगणकावर निसर्गात नसलेलं एक प्रथिन रचलं, झाकण लावलेल्या पिंजऱ्यासारखं. झाकणात त्यांनी ट्रोपोनिन टीचा एक छोटा तुकडा बसवला, जो हृदयातही ट्रोपोनिन आयला धरूनच असतो. रक्तातलं ट्रोपोनिन आय येऊन त्या तुकड्याला भिडलं की झाकण उघडतं आणि काजव्यासारखा प्रकाश पडतो. नवी पकड शोधण्याऐवजी निसर्गानं आधीच जमवलेली जोडी उसनी घ्यायची, यातली कल्पकता दाद देण्याजोगी आहे.

तरीही पेप्टाइडांच्या दोन कमजोऱ्या आहेत. त्यांची पकड प्रतिपिंडापेक्षा सहसा सैल असते आणि रक्तातली विकरं त्यांनाही कुरतडतात. पडद्यावर सुंदर जुळलेली जोडी परीक्षानळीत सुटून जाते, हा या क्षेत्रातला रोजचा अनुभव आहे. उजनीतलं एक पोतं ओळखायचं आहे, दहा पोत्यांना जागं होणारी पकड कामाची नाही.

यात एक गोष्ट खास आपल्याकडची आहे. हृदयाच्या स्नायूत मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी नावाचं प्रथिन असतं. इजा झाल्यावर ते ट्रोपोनिनपेक्षाही लवकर रक्तात वाढतं, असं लंडनमधल्या संशोधकांना आढळलं. म्हणून लवकर निदानासाठी त्याकडे आशेनं पाहिलं जातं. आणि याच प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरं भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळालेली असतात, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात दिसलं. त्या लोकांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका जास्त. अक्षरं गळाल्यानं प्रथिनाच्या शेवटच्या टोकाची घडण बदलते. युरोपातल्या रक्तावर पारखून एखाद्यानं त्या टोकाचं पेप्टाइड तपासणीसाठी निवडलं, तर इथल्या शंभरातल्या चौघांच्या बाबतीत ती तपासणी चुकू शकते. तुकडा निवडताना इथल्या माणसांचे जनुकीय अनुक्रम शेजारी ठेवून पाहणं म्हणूनच आवश्यक आहे. हे काम बारामतीतल्या संगणकावरही होऊ शकतं.

त्याला लागतं काय? प्रथिनांचे अनुक्रम खुल्या साठ्यांत आहेत. माणसाच्या ट्रोपोनिन आयचा नोंदणी क्रमांक पी१९४२९. त्रिमितीय रचना खुल्या आहेत. कोळस्कर-टोणगावकर पद्धतीपासून जुळणी करणाऱ्या प्रणालींपर्यंत बरंच काही मोफत मिळतं. पूर्वी अशा कामाला मोठी यंत्रं लागत. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक बांधला आणि पुढं जीवशास्त्राच्या गणितांनाही तो कामी आला. आज २०४ खिडक्यांचं गणित साध्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानमध्ये जैवतंत्रज्ञान शिकवलं जातं, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२पासून आहे आणि २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अनुक्रम वाचणारे विद्यार्थी आणि छातीत दुखतंय म्हणून येणारे रुग्ण एकाच गावात आहेत. मोठ्या शहरांतही ही दोन दारं इतकी जवळ क्वचित असतात.

कठीण भाग संगणकानंतरचा आहे. निवडलेलं पेप्टाइड बनवून घ्यायचं, शुद्ध ट्रोपोनिनवर तपासायचं, मग रक्तद्रवात, मग मूत्रपिंडाच्या आजारानं ट्रोपोनिन कायमच वाढलेलं असलेल्या रुग्णांच्या रक्तात. नैतिक समितीची परवानगी, रुग्णाची संमती, उणे ८० अंशांत जपलेले नमुने. आणि सर्वांत दुर्मीळ नमुना कोणता, तर दुखायला लागल्यानंतरच्या पहिल्या तासातलं रक्त. नवी पेप्टाइडं लवकर निदान करतात की नाही हे त्याच रक्तावर कळणार, आणि नेमका तोच तास निमगाव केतकी किंवा सणसरसारख्या गावातल्या घरात, ओवा चावून ‘आता बरं वाटेल’ म्हणत पडून राहण्यात गेलेला असतो.